लुगडं हिरवं होतं

मागच्या महिन्यात पुण्यात आम्ही चौघांनी मिळून एक छोटं प्रदर्शन केलं, त्यात माझे 11 फोटो होते, सगळे वारीचे आणि सगळे ब्लॅक अँड व्हाइट. तीन दिवसांत मला सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते "दिवे घाटाचा नाहीये का?" आणि त्याच्या खालोखाल "हा कलरमध्ये मिळेल का?"

पहिल्या प्रश्नाचा मला राग येत नाही, खरंच. वारी म्हटलं की घाटाची वळणं, भगव्या पताका आणि वर चढत जाणारी ती गर्दी डोळ्यासमोर येणारच. पहिल्या वर्षी मीपण सकाळपासून घाटात जागा धरून बसले होते, आजूबाजूला पन्नासेक कॅमेरे तरी असतील. फोटो छान आला, लोकांना खूप आवडला, पण मला तो माझा वाटेना, कारण शेजारी बसलेल्या मुलाकडेही अगदी तोच होता.

दुसरा प्रश्न मात्र अवघड आहे, कारण तो ज्या फोटोबद्दल होता तो माझा सगळ्यात लाडका. सासवडच्या मुक्कामी काढलेला. दोन बायका धुतलेल्या नऊवारीची दोन टोकं धरून वाऱ्यावर उभ्या आहेत, वाळवत. अर्धं लुगडं वाळलंय, अर्धं ओलंच आहे, आणि मधे ओल्या-सुक्याची एक वाकडीतिकडी रेघ आहे, नकाशातल्या नदीसारखी. मला फोटोत तेवढंच हवं होतं, ती रेघ. रंगात बघितलं की डोळा आधी मागच्या निळ्या टँकरवर जातो, मग फ्लेक्सवर, मग लुगड्याच्या हिरव्या रंगावर, आणि रेघ दिसतच नाही.

एक काका आले होते, त्यांना तो दोन बाय तीन फुटात हवा होता, दिवाणखान्यासाठी, फक्त रंगीत. पैसे द्यायला तयार होते, त्यात माझ्या फ्रेमिंगचा सगळा खर्च निघाला असता. आणि रंगीत नाहीच असं मी म्हणूही शकत नव्हते, कारण डिजिटलमध्ये रॉ फाइलला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फाइलला, रंग असतोच, आपण तो नंतर काढतो. ब्लॅक अँड व्हाइट रोलवाल्यांचं बरं होतं, निगेटिव्हमध्येच रंग नाही म्हटल्यावर विषय संपला. मी नाही म्हणाले. काकांना वाईट वाटलं, मलाही वाटलं.

त्या रात्री अमेरिकन फोटोग्राफर अँसल अ‍ॅडम्स आठवत होता. त्याचा 1941 मधला हर्नांडेझ गावावरच्या चंद्राचा फोटो इतका मागितला गेला की तो पुढे कित्येक वर्षं प्रिंट करत राहिला, हजारावर प्रिंट केल्या. पण एकाच निगेटिव्हच्या सुरुवातीच्या प्रिंट आणि नंतरच्या प्रिंट शेजारी ठेवा, आधी आकाशात ढग आहेत, नंतर आकाश जवळजवळ काळंठिक्कर. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे गायन असं तो म्हणायचा. आपल्याकडे बंदिश तीच असते पण गाणारा दरवेळी वेगळी मांडतो, तसंच ना. लोकांनी तोच फोटो मागितला म्हणून त्याने दिला, पण आकाश किती काळं करायचं हे त्याचं त्याने ठरवलं, आणि मला ही वाटणी पटते.

आता माझ्याच विरुद्ध जाणारं एक सांगते. फोटोग्राफर रघुबीर सिंग यांनी आयुष्यभर रंगातच काम केलं, तेसुद्धा कलात्मक फोटोग्राफी म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटच असं मानलं जायचं त्या काळात, कारण आपला देश रंगातच बघतो ही त्यांची श्रद्धा होती. म्हणजे तेव्हा अपेक्षेच्या विरुद्ध रंग होता आणि आज वारीच्या बाबतीत रंग हीच अपेक्षा आहे. त्यामुळे "लोकांना काय कळतंय" असं कोणी म्हणालं की मला ते अजिबात आवडत नाही. लोक स्वतःच्या आठवणीतली वारी शोधत येतात, ती त्यांना दिसली नाही तर विचारणारच.

आणि मला सगळ्यात जास्त हलवलं ते लुगड्याच्या फोटोतल्या एका आजींनीच. फोटो काढला तेव्हा दिंडीचा नंबर लिहून घेतला होता, म्हणून पुढच्या वर्षी शोधत गेले, कॉटन पेपरवर केलेली सुंदर प्रिंट घेऊन. आजींनी ती लांब धरून बघितली, मग जवळ घेतली, आणि म्हणाल्या, "माऊली, माझं लुगडं हिरवं व्हतं की गं. लेकानं घेतलेलं. हे काळं कशानं झालं?"

काकांना नाही म्हणताना माझ्याकडे कारण होतं. इथे एकही नव्हतं. त्याच संध्याकाळी गावातल्या स्टुडिओतून साध्या ग्लॉसी कागदावर रंगीत प्रिंट काढून आणली, टँकरसकट, फ्लेक्ससकट. आजींनी लुगड्यावरून बोट फिरवलं, फोटो हरिपाठाच्या पुस्तकात घातला, वरून प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली, पाऊस होता ना.