तुम्ही विचारलंत म्हणून: कोफॅक्सच का?

घरी पाहुणे आले की मी त्यांना लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर नेतो. तिथे बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, सँडी कोफॅक्स याच्या पुतळ्यापाशी मी रेंगाळतो, आणि प्रश्न ठरलेला असतो: "अहो, बाराच वर्षं खेळला ना हा? तिशीत घरी बसला. मग तुम्हाला एवढा थोर का वाटतो?"

त्या बारापैकी पहिली सहा वर्षं तर चाचपडण्यातच गेली. 1955 मध्ये ब्रुकलिनचा हा डावखुरा पोरगा डॉजर्स संघाकडे आला. चेंडूला वेग तुफान, पण तो जाईल कुठे याचा नेम नाही. सहा हंगामांत त्याच्या नावावर 36 विजय, 40 पराभव. 1960 चा हंगाम संपला तेव्हा वैतागून त्यानं आपलं सगळं सामान कचऱ्यात टाकलं. साहित्य सांभाळणाऱ्या नोबे कावानोनं ते गुपचूप उचलून ठेवलं. पुढच्या वर्षी सरावाच्या एका सामन्यात कॅचर (त्याचे चेंडू झेलणारा) नॉर्म शेरी त्याला म्हणाला, एवढा जोर लावू नकोस. जोर कमी केल्यावर चेंडू हवा तिथे जायला लागला, आणि वेग होता तसाच राहिला. शाळेत मीही डाव्या हातानं फास्ट बोलिंग टाकायचो. ‘जोर लाव’ याखेरीज दुसरा सल्ला मला कधी मिळाला नाही. शेरीचा किस्सा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो.

पुढची पाच वर्षं त्याचीच. 1962 पासून ओळीनं चार वर्षं, दर वर्षी एक नो-हिटर, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्या कुणालाही फटका मारून बेस गाठता आला नाही. त्यातला चौथा, 9 सप्टेंबर 1965 चा शिकागो कब्जविरुद्धचा, म्हणजे परफेक्ट गेम: 27 बॅटर आले, 27 परत गेले, पहिल्या बेसवर कुणाचा पाय पडला नाही.

त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना योम किप्पूरला आला. ज्यूंचा हा सर्वांत पवित्र दिवस, म्हणून कोफॅक्स खेळला नाही. सातव्या, निर्णायक सामन्यात मात्र दोनच दिवसांच्या विश्रांतीनंतर तो उभा राहिला. कर्व्हबॉल, म्हणजे वळणारा चेंडू, पडतच नव्हता, तर जवळजवळ नुसत्या फास्टबॉलवर त्यानं मिनेसोटाला शून्यावर रोखलं. 2-0.

आणि हे सगळं संधिवातानं धरलेल्या कोपरावर. इंजेक्शनं, गोळ्या, सामन्याआधी आग आग करणारं मलम, सामन्यानंतर बर्फाच्या पाण्यात बुडवलेला हात. तो हात पुढे सरळच होईना. 1966 मध्ये त्यानं 27 सामने जिंकले, इआरए (दर नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावांची सरासरी) 1.73, तिसऱ्यांदा साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा, पुरस्कार. आणि त्याच नोव्हेंबरमध्ये खेळ सोडला. कारण साधं सांगितलं: बेसबॉलनंतर बरंच आयुष्य उरलंय, ते धड शरीरानं जगायचंय. पैसा, टाळ्या, विक्रम सगळं समोर मांडलेलं असताना आपल्या हाताचं ऐकणारा खेळाडू मला दुसरा सुचत नाही. 1972 मध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी, तो बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये गेला. इतक्या लहान वयात तो मान दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही.

पुतळा 2022 मध्ये बसला, त्याचा पहिल्या वर्षांतला सहकारी जॅकी रॉबिन्सन याच्या पुतळ्याजवळ. अनावरणाला 86 वर्षांचा कोफॅक्स स्वतः उभा होता. पाहुण्यांना मी सांगतो, चेहरा नंतर बघा, आधी तो डावा हात बघा.