आधी अळ्या, मग पाखरं

पलूसला आमच्या घरामागं परडं आहे. फार मोठं नाही, पण उंबर, शेवगा, कढीपत्ता, लिंबू आणि कडेला बोर-करवंदाची जाळी एवढं त्यात दाटीवाटीनं मावलंय. घरी आलेलं माणूस चहा होईपर्यंत मागच्या दारात उभं राहतं आणि हमखास विचारतं, "वहिनी, आम्हीपण पाणी ठेवतो, दाणे टाकतो, लाकडी घरटंसुद्धा टांगलंय. तरी कबुतरांशिवाय काही फिरकत नाही. तुमच्याकडंच कशी येतात एवढी पाखरं?" खरं उत्तर दिलं की पाहुणे नाक मुरडतात, म्हणून बहुतेकदा मी हसून चहा पुढं करते. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आम्ही अळ्या पाळतो.

पाळतो म्हणजे मारत नाही, एवढंच. दाणे खाणाऱ्या चिमणीचीसुद्धा पिल्लं दाण्यावर वाढत नाहीत. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाला सुरुवातीचे दिवस मऊ अळ्या आणि किडेच लागतात. शिंजीर दिवसभर फुलातला मध पिताना दिसतो, पण पिल्लांच्या चोचीत कोळी आणि बारीक किडे कोंबतो. म्हणजे दाणे टाकलेल्या अंगणात पाखरं येऊन जेवून जातील, पण संसार मांडायला जिथं किडे आहेत तिथंच जातील. आणि दाण्यांवर पहिला हक्क सांगायला कबुतरं येतात, ती एकदा बसली की उठत नाहीत. म्हणून मी दाणे टाकतच नाही. काहींना हे निर्दयपणाचं वाटतं. वाटू दे.

आता अळ्या हव्यात तर पानं खाल्ली जाणार. मी रोपवाटिकेत जाते तेव्हा माणसं "कीड न लागणारं झाड द्या" म्हणताना ऐकते. ज्या झाडाचं पान कुणी खात नाही, ते पाखरांच्या दृष्टीनं विजेच्या खांबासारखंच, बसायला बरं. गुलमोहर मादागास्करचा. दिसतो देखणा, पण त्यावर जगणारे आपल्याकडचे किडे मोजकेच. त्याच जागेत बाभूळ, बोर किंवा उंबर असला तर गोष्ट वेगळी होते, कारण इथल्या किड्यांची आणि त्या झाडांची ओळख फार जुनी.

कढीपत्त्याचंच बघा. कोवळ्या पानावर लिंबाचं फुलपाखरू एकेक अंडं ठेवून जातं. अळी लहान असते तेव्हा हुबेहूब पाखराची शीट वाटते, म्हणून वाचते. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी दुबेळकं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. शेजारच्या पोरांना हा खेळ एकदा दाखवला की ती अळी चिरडत नाहीत, रोज बघायला येतात. रुईवरच्या पट्टेरी अळ्यांना मात्र पाखरं सहसा शिवत नाहीत. रुईच्या चिकातलं विष ती अळी अंगात साठवते आणि फुलपाखरू झाल्यावरही ते तिच्यात राहतं. तरी परड्याच्या कोपऱ्यात एक रुई ठेवाच, मारुतीला पानं मिळतात हा वरचा फायदा.

घरात वाद होतो तो शेवग्यावरून. पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचा थर बसतो, त्याचे केस लागले तर अंगाला खाज सुटते, आणि आमच्याकडचा जुना उपाय म्हणजे काठीला पेटता बोळा बांधून सगळे जाळायचे. हे केसाळ सुरवंट पावशा आणि चातक आवडीनं खातात. इतर बरीच पाखरं केसांना घाबरून लांब राहतात, या दोघांना त्याचं काही वाटत नाही. आमच्यात शेवटी तडजोड झाली. हाताला लागेल इतक्या उंचीवरचे खराट्यानं काढायचे, त्यावरचे राहू द्यायचे.

एकच झाड लावायला जागा असेल तर उंबर लावा. त्याला वर्षातून अनेकदा फळं येतात, तीही थेट खोडाला, आणि आजूबाजूला काही पिकलेलं नसतं तेव्हासुद्धा. तांबट, बुलबुल, कोकीळ, साळुंक्या, रात्री वटवाघळं, सगळ्यांची वर्दळ असते. खाली पडलेल्या फळांचा चिखल होतो, माश्या घोंगावतात, ते झाडायला लागतं हे आधीच सांगते. घराच्या पायाला लागून मात्र लावू नका, मुळं भिंतीत शिरतात.

उंबराची एक फांदी वाळली तेव्हा ती तोडायला माणूस बोलावला होता, आणि नेमकी त्याच वेळी तिथं तांबटाची टुकटुक सुरू झाली. तांबट वाळक्या, मऊ पडलेल्या लाकडात स्वतः भोक पाडून घरटं करतो. त्यानं सोडलेली ढोली पुढं दुसऱ्या कुणाच्या कामी येते. फांदी घरावर किंवा वाटेवर पडणार नसेल तर ती राहू द्यावी. त्या बाजारातल्या लाकडी घरट्यांचंही असंच. ती चिमणी, साळुंकी, दयाळ अशा भोकात राहणाऱ्यांनाच चालतात. बुलबुल झुडपात वाटी विणतो, शिंपी दोन पानं शिवतो, शिंजीर कोळ्याच्या जाळ्यानं घरटं बांधून लोंबकळत ठेवतो. दिवाळीच्या आधी आपण परड्यातली जाळीजळमटं साफ करतो तेव्हा कुणाचं तरी बांधकामाचं सामान जातं. घरातली काढा, झाडावरची कशाला?

पालापाचोळा मी झाडाखालीच ढकलते. सातभाई तो दिवसभर कलकलाट करत उलटापालटा करतात. पाणी उथळ हवं, मातीच्या पसरट थाळ्यात दोन बोटं पुरे, मधे एक दगड. आठवडाभर तेच पाणी राहिलं तर डास होतात, म्हणून रोज ओतून टाका. थाळा झुडपाला चिकटून ठेवला तर मांजराची सोय होते.

यानंतरचा प्रश्न ठरलेला, "मग साप येत नाहीत का?" येतात. सांगली जिल्ह्यात उसाच्या कडेला राहून साप येणार नाही असं म्हणणं खोटं होईल. पाचोळा आणि लाकडं भिंतीपासून लांब ठेवतो, दारापुढची जागा मोकळी, अंधारात पायात चप्पल आणि हातात बॅटरी. येते ती बहुतेकदा धामण, बिनविषारी, उंदरांच्या मागावर. नाग, घोणस, मण्यार, फुरसं ओळखायला शिका, आणि ओळख पटली नाही तर विषारीच समजून लांबूनच सर्पमित्राला बोलवा. उंदराचं औषध मात्र आम्ही बंद केलंय. विष खाल्लेला उंदीर मरायच्या आधी सुस्त होतो, तो पिंगळा किंवा गव्हाणी घुबड सहज उचलतं आणि तेच विष त्याच्या पोटात जातं.

परडं नसेल पण शेत असेल तर बांधाकडं बघा. उसाची एक सरी वाढावी म्हणून बांध कोरत कोरत इतके बारीक झालेत की त्यावर बोर-बाभळीला जागाच नाही. सुगरण घरटं विणायला उसाच्याच पानाच्या चिरट्या काढते, पण ते टांगायला तिला विहिरीवर झुकलेली बाभूळ किंवा शिंदी लागते. पाचट पेटवलं की त्यातले किडे, सरडे, अंडी सगळं एकदम जातं. कुट्टी करून सरीत ठेवलं तर जमिनीचंही भलं होतं, हे आता कृषी खात्याचे लोकही सांगतात.

आमच्या जवळच सागरेश्वर आहे. उघड्या डोंगरावर माणसांनी जंगल उभं केलं, त्यामागं धों. म. मोहित्यांची चिकाटी, आणि 1985 साली ते अभयारण्य झालं, जेमतेम 10.87 चौरस किलोमीटरचं. सांबर, चितळ, काळवीट तिथं आणून सोडले, पाखरं मात्र आपली आपण आली. हे बघून आलेली माणसं उत्साहानं जत, आटपाडी, माण, खटावच्या माळांवर झाडं लावायला निघतात, तेव्हा मला भीती वाटते. माळ म्हणजे मेलेलं जंगल नव्हे. चंडोल, धाविक, माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. तिथं झाड आलं की त्यावर कावळा आणि शिकारी पक्षी टेहळणीला बसतात. लांडगा, खोकड यांनाही गवतच हवं. कासच्या पठारावर झाडं लावा असं कुणी म्हणत नाही, कारण तिथं फुलं दिसतात. आटपाडीच्या माळावर फुलांचा गालिचा नसतो, म्हणून तो ओसाड ठरतो. माळाला मदत करायची तर चराई थोडी आवरा आणि वणवा लागू देऊ नका, खड्डे खणू नका.

भाची सांगलीत तिसऱ्या मजल्यावर राहते. तिलाही हेच विचारायचं होतं, पण तिच्याकडं गॅलरीशिवाय काही नाही. तिला कढीपत्ता, लिंबू आणि पानफुटीच्या कुंड्या दिल्या. कढीपत्त्यावर अळ्या आल्या तशी तिच्या सासूबाईंनी तक्रार केली, फोडणीला पान उरत नाही म्हणून. आता एकाच्या दोन कुंड्या झाल्यात. आतली आमटीसाठी जाळीखाली झाकलेली, आणि कठड्यावरची अळ्यांना. परवा त्या फोनवर म्हणाल्या, कठड्यावरचीला जास्त फुटवा येतोय, हे कसं?