लेक होस्टेलला रुळली, पण मला भेटीचं कार्ड मिळेना

त्या कार्डाचा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं. पुढच्या जूनमध्ये ज्यांना मुलं होस्टेलला ठेवायची आहेत, त्यांच्यासाठी लिहितेय.

लेक सहावीत. नवोदयची परीक्षा दिली होती, ८० प्रश्न, दोन तास. आपल्या जिल्ह्याचं नवोदय दिंडोरी तालुक्यात खेडगावला, जागा ८०. तिथे नंबर लागला नाही, म्हणून नाशिकजवळच्या एका निवासी शाळेत घातलं. प्रवेशाचं सगळं आठवड्यात उरकलं. घरात विरोध एकटीचा माझा होता. पण सासरे स्वतः नाशिकच्या उदोजी मराठा बोर्डिंगात राहून शिकलेले. १९१४ साली सुरू झालेलं ते बोर्डिंग नसतं तर आपण शेळ्याच वळल्या असत्या, असं ते नेहमी म्हणतात. "जाऊ दे तिला," एवढंच म्हणाले. मी गप्प बसले.

पहिले ४५ दिवस भेट नाही. फोन रविवारी, पाच मिनिटं. पहिले तीन रविवार ती रडली आणि इकडे मी. मी विचारायचे तरी काय, तर "जेवलीस का, करमतं का?" त्यावर पोर रडणारच. चौथ्या रविवारी सासऱ्यांनी फोन घेतला आणि विचारलं, "तुझ्या शेजारच्या कॉटवर कोण आहे गं?" पाच मिनिटं ती त्या कळवणच्या मुलीबद्दलच बोलत राहिली. तेव्हापासून मीही तसंच विचारते.

आता कार्ड. भेटायला जायचं तर पालकांचं फोटो असलेलं कार्ड लागतं. मुलींच्या सुरक्षेसाठी नियम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. जूनमध्येच फॉर्म भरला, दोघांचे फोटो चिकटवले. जुलैमध्ये फोन केला तर "तयार होतंय." पुन्हा केला तर "समक्ष या." चांदवडहून पहाटेची एसटी धरून गेले. ऑफिसातले साहेब म्हणाले, फोटोची मागची बाजू निळी आहे, पांढरी पाहिजे. जूनमध्ये फॉर्म घेताना त्याच टेबलावर हे कुणी सांगितलं नव्हतं. नाशिकच्या द्वारका चौकात जाऊन फोटो काढले, परत येऊन दिले. म्हणाले, आठ दिवसांनी या. आठ दिवसांनी गेले तर कार्ड छापलेलं होतं, समोर टेबलावर दिसत होतं, पण शिक्का नव्हता. शिक्का मारणारे रजेवर. "भेटीच्या दिवशी गेटवरच मिळेल," असं सांगून परत पाठवलं.

भेटीचा दिवस ऑगस्टमधला दुसरा रविवार. टोमॅटोचा तोडा चालू, माल पिंपळगावला न्यायचा, त्यामुळे हे येऊ शकले नाहीत. शेंगदाण्याचे तीस लाडू घेऊन मी एकटीच दहा वाजता गेटवर. कार्ड गेटवर नव्हतंच. ऑफिस रविवारचं बंद. गेटवरच्या काकांचा दोष नाही, त्यांच्या हातात यादी होती आणि यादीत माझं नाव नव्हतं. बाकीचे आईबाप एकेक करून आत गेले. पाऊस भुरभुरत होता. डबा पदराखाली धरून दीड वाजेपर्यंत मी तिथेच उभी.

साडेबारा-एकला गेटमधून मेसचा व्हरांडा दिसत होता. वरणाची बादली दोन मुली दोन बाजूंनी धरून पंगतीत वाढत होत्या. त्यातली एक माझी. घरी पाण्याचा तांब्या न उचलणारी पोर वाकून वाढत होती. एका लहान मुलीच्या ताटात वाढताना थांबली, डाव्या हाताने तिची बाही वर सारली आणि मग पळी रिकामी केली. तिनं मला पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं, हिचं इथे नीट चाललंय.

शेवटी एका शिक्षिकेनं ओळखलं, रजिस्टरमध्ये स्वतः सही केली आणि मला आत घेतलं. चाळीस मिनिटं मिळाली. लाडू बघून लेकीनं आधी मोजले. खोलीत बारा जणी, म्हणजे दोन-दोन, उरलेले सहा रेक्टर मॅडमना आणि मेसच्या मावशींना. तिच्या वाट्याला दोनच आले.

कार्ड ऑक्टोबरमध्ये हातात पडलं. तेव्हा कृपा करून एवढं करा: फॉर्म देताना पोच घ्या, तारखेसह. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचे, सहा तरी. आणि "इतर नातेवाईक" हा रकाना रिकामा सोडू नका. आजी, मामा, कुणीतरी लिहाच. आम्ही तो कोरा ठेवला, म्हणून दिवाळीआधी लेक आजारी असताना माझा भाऊ नाशिकमध्ये असूनही तिला भेटू शकला नाही.

कपड्यांवर नाव पेनाने लिहू नका, दोन धुण्यांत जातं. दोऱ्याने भरा.

पेटीच्या कुलपाचं राहिलं. दोन किल्ल्यांचं घ्या. दुसरी किल्ली रेक्टर मॅडमकडे ठेव, असं मी बजावलं होतं. दिवाळीत विचारलं तर म्हणाली, कळवणवालीकडे दिलीय, आणि तिची माझ्याकडे आहे.