मावशी 'बरं आहे' म्हणाल्या आणि मी 'समाधान' लिहिलं

गेले तीन आठवडे रोज रात्री जेवणं आवरली की कानात इअरफोन घालून एकच काम चालू आहे, द्राक्षबागेत मजुरीला येणाऱ्या बायकांच्या मुलाखती ऐकायच्या, लिहून काढायच्या आणि परत ऐकायच्या. एकूण १४ आहेत. बागा सगळ्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाडकडच्या, बायका मात्र सुरगाणा-पेठच्या, भात-नागलीचं आवरलं की टोळीने खाली येतात आणि शिमग्याला घरी परततात. तासाभराचं रेकॉर्डिंग नीट उतरवायला मला पाच-सहा तास लागतात, मागे फवारणीचा ब्लोअर चालू असला तर त्याहून जास्त.

आज जे लिहितेय ते माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल, कारण सोशल वर्क किंवा समाजशास्त्राची मुलं हल्ली डिझर्टेशनसाठी मुलाखती घ्यायला जातात तेव्हा त्यांना प्रश्नावली कशी करायची ते शिकवतात, ऐकायचं कसं ते फार कमी जण शिकवतात.

पहिल्या पाच मुलाखती मी बागेतच घेतल्या. विरळणी चालू होती, म्हणजे घड मोकळा राहावा म्हणून कैचीने त्यातले जास्तीचे मणी काढायचे, मान वर करून दिवसभर. मी शेजारी उभी राहून विचारायचे, मजुरीबद्दल तुम्ही समाधानी आहात का? मावशी म्हणायच्या, बरं आहे. राहायची सोय कशी आहे? बरं आहे. मुकादम कसा आहे? बरं आहे. पाचही जणींचं तेच, म्हणून मी कोडिंग करताना, म्हणजे प्रत्येक उत्तराला त्याच्या आशयाचं नाव देताना, समोर 'समाधान' लिहिलं, आणि खरं सांगते, पाचव्या मुलाखतीनंतर मला वाटलं की आता सॅच्युरेशन आलं, नवीन काही निघत नाही.

त्या सॅच्युरेशनबद्दल थोडं सांगते. २००६ साली गेस्ट, बन्स आणि जॉन्सन या संशोधकांनी घाना आणि नायजेरियातल्या बायकांच्या ६० मुलाखती तपासून दाखवलं की बहुतेक कोड पहिल्या १२ मुलाखतींतच येऊन जातात, आणि तेव्हापासून १२ हा आकडा जो तो सांगत फिरतो. पण तिथे बायका बऱ्यापैकी सारख्या गटातल्या होत्या आणि प्रश्न सगळ्यांना साधारण एकसारखे होते, ही अट कोणी सांगत नाही. माझ्या बाबतीत तर जे पुन्हा पुन्हा येत होतं ते त्यांचं मत नव्हतंच, ते त्यांचं जपून बोलणं होतं.

हे कळलं ते एका रात्री दुसरी मुलाखत परत ऐकताना. मागे कैचीचा आवाज येतोय, कट कट कट, मुलांबद्दल बोलताना चालू, गावाकडच्या पावसाबद्दल बोलताना चालू, आणि मजुरीचा प्रश्न आला की एकदम बंद. तीन सेकंद काहीच नाही. मग "बरं आहे". मग कैची परत सुरू, आधीपेक्षा भराभर. माझ्या लिहून काढलेल्या कागदावर यातलं काहीच नव्हतं, तिथे फक्त प्रश्न आणि दोन शब्द. मी उठून दिवा लावला आणि पाचही रेकॉर्डिंग पहिल्यापासून ऐकायला घेतली, थांबलं कुठे, आवाज खाली कुठे गेला, जवळ कोण बोलतंय, सगळं कंसात लिहीत गेले. मुलांच्या शाळेबद्दलचं "बरं आहे" वेगळ्या सुरात होतं, लांबवलेलं, मोकळं. मजुरीचं तुटक.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. मी बागेत गेले होते ती मालकाच्या बोलेरोतून. त्यांनीच ओळख करून दिली होती, या मॅडम माहिती घेतील म्हणून. मग मी कोणाची माणूस?

ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ मध्येच मांडलंय की माहिती गोळा करणं आणि तिचं विश्लेषण हे हातात हात घालून चालायला हवं, आधी सगळं जमवून मग बसायचं नाही. हे मी वर्गात कितीतरी वेळा ऐकलं होतं. दुसऱ्या मुलाखतीनंतरच नीट ऐकायला बसले असते तर पुढच्या तीन वाया गेल्या नसत्या.

पुढच्या वेळी मी नाशिकच्या जुन्या सीबीएस स्टँडवरून एसटीने गेले, संध्याकाळी, काम सुटल्यावर, त्यांच्या पालांवर. चूल पेटलेली, थंडी मरणाची. नाव येणार नाही, गावही येणार नाही, नको वाटलं तर मधेच बंद करू, हे परत सांगितलं आणि मशीन बंद कसं करायचं ते त्यांनाच दाखवलं. प्रश्नही बदलला. समाधानी आहात का, असं कोणाला विचारू नये, तो कागदावरचा प्रश्न आहे. मी विचारलं, मागच्या आठवड्याला हिशोब झाला तेव्हाचं सांगा ना, कुठे बसला होतात, पैसे कोणाच्या हातात दिले?

त्यावर त्या दुसऱ्या मुलाखतीतल्या मावशी चाळीस मिनिटं बोलल्या. दिवाळीआधी घेतलेली उचल, ती किती फिटली हे फक्त मुकादमाच्या वहीत, उक्तं काम घेतलं तर एकराचा हिशोब नवऱ्याच्या हातात. अधूनमधून कोकणा बोलीत गेल्या, ते मी तसंच ठेवलंय, पुस्तकी मराठीत आणलं नाही. आणि 'उचल'ला मी आता 'कर्ज' असा कोडही देत नाही, उचलच लिहिते, कारण त्यांच्या बोलण्यात पैशापेक्षा बांधून घेतल्याची गोष्ट जास्त येते.

परवा जाऊन त्याच मावशींना बागेतलं जुनं रेकॉर्डिंग ऐकवलं. स्वतःचा आवाज ऐकून आधी लाजल्या, नातीला जवळ बोलावलं. मग ती तीन सेकंदांची जागा आली. मावशींनी फोनकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "इथं मी थांबले ना पोरी, तवा तो पलीकडच्या ओळीत उभा होता."