हॉटेल नंतर, आधी चंद्र

बेटावर जायचं ठरलं की हल्ली मी सगळ्यात आधी अमावास्या-पौर्णिमा बघते. त्या सुमारास उधाण असतं. भरतीला पाणी खूप वर चढतं आणि ओहोटीला तितकंच लांब जातं.

मागच्या वेळी हे बघितलं नव्हतं. सकाळी पाण्याखाली बघायचा मास्क घेऊन आई आणि मी किनाऱ्यावर पोचलो, तर समुद्र पार लांब गेलेला. खडकाच्या एका खळग्यात काळी, मऊ समुद्रकाकडी, म्हणजे काकडीसारखा दिसणारा समुद्री जीव, पडली होती. आई तिच्याजवळ तासभर उकिडवी बसून होती, हात न लावता. तेवढं बघायला मिळालं, पण प्रवाळ राहिलंच.

यंदा चारच दिवस आहेत, म्हणून भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता जवळ ठेवलाय. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटांचं अंतर असतं. म्हणजे आज दहाला भरती असेल तर उद्या ती अकराच्या आसपास येणार. पाण्यात उतरायच्या वेळा त्यावरूनच ठरवल्या.

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं, दुसऱ्या दिवशीच उरकायचं. एकापेक्षा जास्त डुबक्या मारल्या तर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जाऊ द्यावे लागतात, कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. शेवटची रात्र बेटावर नाही, विमानतळाजवळ. वारा सुटला की बोटी रद्द होतात, आणि आईची धावपळ मला नकोय.

सनस्क्रीन थोडंच घेतलंय. पाण्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा, कातडीही वाचते आणि प्रवाळही. आईसाठी जाड तळव्याचे पाण्यातले बूट कालच आणले. घरात घालून फिरतेय.