परत कधी येतलंस?

काजूचा हंगाम संपत आला होता. काकी पडवीत बिया निवडत बसल्या होत्या आणि मी समोर मांडीवर टॅब घेऊन एकेक प्रश्न वाचत होते. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही, असं किती दिवस झालं? अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, की जवळपास रोज?

काकींचा हात थांबला. ‘दिवस कोण मोजता गो? काजीत जावकच नको वाटता.’

मी ‘जवळपास रोज’वर बोट ठेवलं. तीन गुण. नैराश्य मोजणारे असे नऊ प्रश्न, जास्तीत जास्त २७ गुण; गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. काकींचे १६ झाले.

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण झाल्यावर मी दोन वर्षं एका विद्यापीठाच्या मानसिक आरोग्याच्या अभ्यासात फील्डवर काम केलं, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातल्या वाड्यांमध्ये. त्या दोन वर्षांत ‘मला नैराश्य आलंय’ असं मला एकाही माणसाने सांगितलं नाही. ‘टेन्शान येता’, ‘झोप लागणा नाय’, ‘जीव घुसमटता’ हे मात्र रोज ऐकलं. प्रश्नावलीचं मराठी शुद्ध होतं, पण पडवीत बसल्यावर तिच्यातले निम्मे प्रश्न पुन्हा मालवणीत सांगावे लागत. नवव्या प्रश्नाला, म्हणजे जिवाचं बरंवाईट करून घेण्याचे विचार येतात का, या प्रश्नाला आम्ही टॅब खाली ठेवून माणसाकडे बघायचं, असं मी आणि माझ्या फील्डवरच्या जोडीदारणीने आपसात ठरवलं होतं. प्रशिक्षणात ते कुणी शिकवलं नव्हतं.

काकींच्या घरापासून गोव्याची हद्द जवळ आहे. त्या हद्दीपलीकडे ‘संगत’ ही संस्था आणि लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन यांनी मिळून केलेला अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतले ४९५ जण, सगळे याच प्रश्नावलीत १४ च्या वर गुण असलेले. त्यातल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर एका समुपदेशकाच्या सहा ते आठ भेटी मिळाल्या, केंद्रात किंवा घरी. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसिक आरोग्याचं व्यावसायिक शिक्षणही त्यांनी आधी घेतलेलं नव्हतं. ती स्थानिक माणसंच होती, या कामासाठी शिकवून तयार केलेली. तीन महिन्यांनी भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के बरे झाले होते, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के.

त्या भेटींमध्ये उपदेश नसतो. मन लागेल तेव्हा काम करू, अशी वाट बघत माणूस घरात बसतो आणि बसल्याने मन आणखीच बसतं. म्हणून आधी एक छोटं काम ठरवायचं, ते करून बघायचं, पुढच्या भेटीत त्यावर बोलायचं. काकींच्या बाबतीत ते कदाचित सकाळी काजीच्या, म्हणजे काजूच्या बागेच्या, पहिल्या गडग्यापर्यंत, दगडी बांधापर्यंत, चालत जाणं असतं. समुपदेशक आपल्या संभाषणांचं ध्वनिमुद्रण करत आणि एकत्र बसून एकमेकांचं काम ऐकून त्याला गुण देत, ही गोष्ट मला फार आवडते. आपण बोललो ते बरोबर होतं का, हे मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नाही.

आमचा अभ्यास उपचाराचा नव्हता, मोजणीचा होता. ठरावीक गुणांच्या वर गेलेल्या माणसाला आम्ही चिठ्ठी द्यायचो. चिठ्ठी घेऊन ओरसच्या जिल्हा रुग्णालयात जायचं, म्हणजे सावंतवाडीला एसटी बदलायची आणि एक दिवसाची मजुरी सोडायची. बरेच जण त्यापेक्षा गोव्यातलं बांबोळीचं सरकारी इस्पितळ बरं म्हणतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचत नसल्याचं आढळलं होतं. हा आकडा मी परीक्षेत लिहिला होता, पण तो कळला त्या एसटीच्या थांब्यावर.

सहा महिन्यांनी दुसऱ्या भेटीला गेले. चिठ्ठी काकींनी बिस्किटांच्या डब्यात रेशनकार्डाबरोबर घडी करून ठेवली होती. एकदा ओरसला जाऊन आल्या होत्या, महिनाभर गोळ्या घेतल्या होत्या. संपल्यावर जवळच्या दवाखान्यात विचारलं, तिथे ती गोळी नव्हती. मग थांबल्या. या वेळी गुण १४.

आशाताईंच्या डोक्यावर आधीच इतकी रजिस्टरं आहेत की हे समुपदेशनही त्यांच्यावर टाका म्हणायला माझी जीभ रेटत नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पगारी समुपदेशक हवी, तिचं पद कायम हवं आणि तिच्या कामात घरी जाणं धरलेलं हवं. एवढं पटवायला गोव्यातला पुरावा पुरेसा आहे. विद्यापीठाच्या निधीवर चालणारी बाई निधीबरोबर जाते. मीही गेलेच.

निघताना काकी वईपर्यंत, कुंपणापर्यंत आल्या. ‘चेडवा, परत कधी येतलंस?’

अभ्यासाच्या आराखड्यात तिसरी भेट नव्हती. टॅबवर शेवटचा प्रश्न उरला होता: सहभागी व्यक्तीला आणखी काही सांगायचं आहे का? मी त्यांचं वाक्य मालवणीत जसंच्या तसं टाइप केलं. अहवाल आला तेव्हा ते ‘इतर’ या रकान्यात होतं. मला ते पहिल्या पानावर हवं होतं.