थर्मोपोलिस: एकोणीस पावलं

डेन्व्हरहून निघाल्यापासून घरात सगळ्यांचा यलोस्टोनचाच जप चालला होता. वायोमिंगमधलं थर्मोपोलिस हा वाटेतला मुक्काम, तेव्हा तिथलं डायनासोर सेंटर तासाभरात उरकायचं असं मीच ठरवलं होतं. ते ठरवल्याचं आता वाईट वाटतं.

लेक आणि नवरा थेट सांगाड्यांकडे गेले, गर्दीही तिकडेच. आईच्या गुडघ्यांमुळे आम्ही दोघी मागे राहिलो, म्हणून ती शिळा दिसली. फिकट पिवळा चुनखडक, त्यावर बारीक ठशांची लांबच लांब वाट. वाट संपते तिथे ती उमटवणारा प्राणी स्वतः.

मेसोलिम्युलस वाल्ची. हॉर्सशू क्रॅब या घोड्याच्या नालेसारख्या कवचाच्या समुद्री जीवाचा ज्युरासिक काळातला नातलग. नावात क्रॅब असला तरी हे कूळ खेकड्यांचं नाही, कोळी-विंचवांच्या जवळचं. हे तर पिल्लूच, जेमतेम १२.७ सेंटिमीटर. मागची वाट ९.७ मीटर!

सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, आजच्या जर्मनीतल्या सोल्नहोफेन भागात, बहुधा वादळाने त्याला खाजणात लोटलं. ते उताणं पडलं, धडपडून सुलटं झालं आणि चालू लागलं. तळाच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नव्हताच. त्यानेच ते गेलं, आणि त्यामुळेच चिखल उकरणारं दुसरं कुणी तिथे नव्हतं, म्हणून पावलं तशीच राहिली. शिळाप्रेससाठी जगभर नावाजलेला दगड तो हाच, इतका बारीक पोताचा. प्राणी आणि त्याची शेवटची वाट अशी एकत्र सापडणं फार दुर्मीळ. जीवाश्मशास्त्रज्ञ डीन लोमॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१२ मध्ये तिच्यावर शोधनिबंध लिहिला.

मी हे सगळं आईला सांगितलं. ती बराच वेळ त्या शेवटच्या टोकाशी उभी होती.

"पडल्यावर उठून एवढं चाललं?"

"हो गं."

"तुझे बाबाही त्या पहाटे उठून दारापर्यंत गेले होते. मला जाग नाही आली. सकाळी बघते तर चपला उंबऱ्याशी नीट लावलेल्या."

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. मी तिचा हात धरला, दुसरं काही सुचलं नाही.

तेवढ्यात लेक धावत आला, "आई, चल ना, उशीर होतोय!" त्याच्या हातात गाडीची किल्ली होती, म्हणजे बाप आधीच दाराशी. अख्ख्या प्रवासात मी घड्याळ दाखवत सगळ्यांना पळवलं होतं. या वेळी म्हटलं, "थांबा जरा. आजीचं व्हायचंय."

पुढे यलोस्टोनचे चार दिवस छान गेले, गीझर पाहिले, गवे पाहिले.

पण त्या दुपारी आई परत वाटेच्या सुरुवातीशी गेली. पदर खोचला, आणि शिळेच्या कडेने, ओठांतल्या ओठांत मोजत, त्याच्या सोबतीने शेवटपर्यंत चालत आली.

"एकोणीस," ती म्हणाली.